पाणी : शून्य

आज गणितात एक गवळी आला.
त्याच्याकडं बारा लिटर दूध हुतं
आणि त्यानं त्यात तीन लिटर पाणी ओतलं.
छापलंय पुस्तकात. पान एकूणसाठ.
सगळी पोरं मान खाली घालून वहीत उतरवायला लागली,
कुणाला काहीच वाटलं न्हाई.

मी उठलो.
माणगावे बाई म्हणाल्या, "उठलो नव्हे, उठले.
मुलगी आहेस ना तू, संयोगिता?"
बरं. उठले.
उठले आणि विचारलं, "बाई, ह्यो गवळी कुठला?"
"कुठला म्हणजे? गणितातला."
"नाव काय त्याचं?"
"नाव नाही दिलेलं."
दिलेलं कसं असंल! लपवलंय.
"आणि गिऱ्हाईक उभं असताना ओतलं कसं त्यानं?
आमच्या कट्ट्यावर म्हस समोर असती,
धार समोर, गिलास समोर,
आणि शिव्या द्यायला माणसंबी समोर."

वर्ग फिदीफिदी हसला.
मागनं चौगल्यांचा धैर्यशील म्हणाला,
"हे म्हशीलाच आधी पाणी पाजत असतील!"
त्याला मी मधल्या सुट्टीत बघून घेतलं,
ते इथं सांगत न्हाई.

बाई म्हणाल्या, "गुणोत्तर काढ आणि गप्प बस."
चारास एक. मला येतंय की.
पण चारास एक लिहिलं
तर त्यानं केलं ते बरोबर, असं व्हईल.
म्हणून मी लिहिलं :
'हा गवळी गंगावेशीतला नव्हे.'
आणि खाली दोन रेघा मारल्या, उत्तराला मारतात तशा.

बाईंनी तांबड्या पेनानं भोपळा दिला,
एवढा मोठा की त्यात
आमच्या चंद्रीचं तोंड बसंल.
शेजारी : पालकांची सही.

दुपारनं विज्ञान.
हवा जागा व्यापते.
बाईंनी उपडा गिलास बादलीत दाबला,
आत पाणी शिरलंच न्हाई.
हे मला लई आवडलं.
पाण्याला आत न घेणारं कुणीतरी
शाळेतबी हाय.

संध्याकाळी कट्ट्यावर ही गर्दी.
आण्णा चंद्रीखाली उकिडवा.
मी बल्बाखाली वही धरली,
त्यानं धार न थांबवता वाचली,
भोपळ्याकडं बराच वेळ बघितलं,
म्हणाला, "बरोबर दिलाय की. पाणी, शून्य."
आणि दुधाच्या हातानंच सही केली.
सहीवर म्हशीचा एक केस चिकटला.
तो मी काढला न्हाई. पुरावा.

मग तालमीतनं सुटलेला एक पैलवान आला,
कानात अजून माती.
गिलास उजेडात धरून म्हणाला,
"आण्णा, फेस जरा कमी कर."

आणि माझ्या डोक्यात शाळेची घंटा वाजली.
फेसात दूध किती? हवा किती?
मी गिलासाला बोटं लावली.
दोन बोटं दूध, एक बोट फेस.
दोनास एक!
हवा जागा व्यापते,
आणि आमच्या गिलासात तर
यष्टीत रुमाल टाकल्यागत आधीच जागा धरून बसती.

मी आण्णाच्या कानात सांगितलं.
त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.
"हे पुस्तकात हाय?"
"न्हाई."
"मग गप्प बस."

तेवढ्यात स्कूटी थांबली.
माणगावे बाई!
शाळेबाहेर त्या जरा बुटक्या दिसतात.
गिलास दोन्ही हातांनी धरून
डोळे मिटून एका दमात प्याल्या,
आणि वरच्या ओठावर
हवा उरली. एक बोट. पांढरीशुभ्र.

मी काही म्हटलं न्हाई.
पैलवानबी म्हणाला न्हाई.
चंद्रीनं तेवढा कान हलवला.

बाईंनी पैसे दिले, किल्ली फिरवली,
"चल गं, मी जातो. उशीर झाला."

जातो!

मी वहीचं मागचं पान उघडलं.
तांबडा पेन नव्हता,
पेन्सिलीनंच एक भोपळा काढला, लहान.
शेजारी लिहिलं : पालकांची सही.
आता बाईंचे पालक कुठं राहतात,
ते कुणाला इचारू?